बर्तन बाजारातील भांड्यांची घाऊक पेढी : माल चांगला, बिल त्याहून चांगले

इंदूरच्या राजवाड्याजवळ बर्तन बाजारात भांड्यांची जी घाऊक दुकाने आहेत, त्यांपैकी एका जुन्या पेढीशी नोव्हेंबर २०२३ पासून माझा नियमित व्यवहार आहे. मी इंदूरमधल्याच लोकमान्य नगरातल्या घरातून मोदकपात्रे, पुरणयंत्रे, चकलीचे सोरे आणि आप्पेपात्रे ऑनलाइन विकते. माझी बहुतेक गिऱ्हाइके पुणे, ठाणे आणि नाशिक इकडची आहेत. भांड्यांच्या दुकानाविषयी लिहायचे म्हटले की माल, भाव आणि वागणूक यांवर लिहिण्याची पद्धत आहे आणि त्यांवर मी पुढे लिहिणारच आहे; परंतु या पेढीची शिफारस मी ज्या कारणासाठी करते ते कारण म्हणजे तिचे बिल. दुकानाच्या मालकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, कारण ते किरकोळ विक्री करत नाहीत आणि एकेका डब्याच्या चौकशीचे फोन घ्यायला त्यांच्याकडे माणूस नाही. ज्यांना खरोखर घाऊक खरेदी करायची आहे त्यांनी बाजारात दोन ठिकाणी विचारले तरी पेढी सापडेल.

बिलाचे एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी आधीचा एक अनुभव सांगणे भाग आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे गणेश चतुर्थी लांबून १९ सप्टेंबरला होती आणि हंगामाला तीन आठवडे जास्त मिळणार म्हणून मी नेहमीच्या दुप्पट मोदकपात्रे भरली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की पात्रावरचा छाप अस्सल वाटत नाही. मी ज्या ऑनलाइन विक्रीमंचावर विकते त्यांनी लगेच त्या ब्रँडच्या सर्व वस्तूंची विक्री थांबवली आणि मागील ३६५ दिवसांतील पुरवठादाराची बिले मागितली. माल अस्सल होता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण माल अस्सल आहे हे मंचावरच्या माणसाने पाहायचे कशात? त्याच्यासमोर पात्र नसते, फक्त कागद असतो.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी चार कागद मांडून बसले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. पहिला पिवळ्या कागदाचा, वर ‘एस्टिमेट’ असे छापलेले आणि खाली पेन्सिलीने बेरीज. म्हणजे बाजारात ज्याला कच्चे बिल म्हणतात ते. दुसरा पक्का होता, परंतु तो यजमानांच्या नावे आणि आम्ही सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या रामबागेतल्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर होता. तिसऱ्यावर मालाच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘स्टील बर्तन मिक्स, ४२.६०० किलो’. चौथ्यावर सगळे ठीक दिसत होते, पण त्याचा क्रमांक ११७ होता आणि दुसऱ्या बिलाचाही क्रमांक ११७च होता, कारण तेव्हाचा माझा पुरवठादार स्टेशनरीच्या दुकानातून छापील बिलबुके आणत असे आणि दोन गल्ल्यांवर दोन बुके एकाच वेळी चालू असत. हे चार कागद मी पाठवले. मंचाने पडताळणीसाठी बिलावरच्या दूरध्वनीवर फोन केला, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने अशा नावाची कोणतीही संस्था आमच्याकडून माल घेत नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. त्या दुकानात मला सगळे ‘लोकमान्य नगरवाल्या काकू’ म्हणून ओळखत; माझ्या फर्मचे नाव तिथे कोणाच्या कानावरही पडले नव्हते. उत्तर आले की पुरवठादाराची पडताळणी होऊ शकली नाही. गणपती आले, गेले, आणि मोदकपात्रांची खोकी मागच्या खोलीत तशीच राहिली.

याच धावपळीत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका परिचितांनी मला या पेढीवर नेले. हाच ब्रँड त्यांच्याकडे होता. मी मुनीमजींना विचारले की आज मी एवढाच माल विकत घेते, पण बिल जुलैच्या तारखेचे मिळेल का. ते विचारणे चुकीचे होते हे मला विचारतानाच ठाऊक होते, तरी विचारले. मुनीमजींनी चष्मा काढला, आवाज जराही न चढवता म्हणाले, “ताई, जुलैचं जीएसटी विवरण अकरा ऑगस्टला भरून झालं. आमच्या बिलांचा एकामागून एक क्रम लागलेला असतो, त्यात मध्ये जागा नसते. आणि असलीही असती तरी दिली नसती.” मग त्यांनी चहा मागवला आणि नव्याने व्यवहार सुरू करायचा असेल तर कोणकोणती कागदपत्रे आणायची ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. मी त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले. परंतु ज्या पेढीवर मागची तारीख मिळत नाही, त्या पेढीच्या पुढच्या तारखांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असे घरी येताना माझ्या मनाने घेतले आणि दिवाळी उरकल्यावर मी तिथे खाते उघडले.

खाते उघडतानाच फरक दिसतो. दुसऱ्या दुकानांत ‘बिल कोणाच्या नावे?’ असे विचारतात आणि आपण बोलू ते लिहितात. इथे आधी जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागतात आणि नंतरच माल दाखवतात. जीएसटीआयएनची, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकाची, पंधराही अंक-अक्षरे ते मोठ्याने वाचून घेतात : पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे मध्य प्रदेशासाठी २३, पुढची दहा अक्षरे पॅनची आणि शेवटची तीन नोंदणीची. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून तिथे जे नाव आणि पत्ता येतो तोच ते टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत भरतात. एकमालकी व्यवसाय करणाऱ्यांच्या बाबतीत इथे एक मेख असते. नोंदणीत कायदेशीर नाव मालकाचे स्वतःचे असते आणि व्यापारी नाव फर्मचे. विक्रीमंचाच्या खात्यावर यांतले कधी एक असते, कधी दुसरे. बिलावर एकच नाव असले आणि खात्यावर दुसरे असले, तर तपासणाऱ्याला ती दोन निराळी माणसे वाटतात. या पेढीच्या बिलावर दोन्ही नावे एकाखाली एक येतात. पत्त्यात ‘लोकमान्य नगर’ पूर्ण लिहिलेले असते, पिनकोडसह. मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला किरकोळ समजत होते असा हा तपशील आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे किलो आणि नग. स्टीलची भांडी घाऊक बाजारात वजनावर विकली जातात. काट्यावर गठ्ठा चढतो, किलोचा भाव ठरतो आणि बिल किलोत होते. त्यात गैर काहीच नाही. जीएसटीच्या नियम ४६ मध्येही वस्तूचे वर्णन, परिमाण आणि एकक मागितले आहे, आणि किलो हे एकक चालते. अडचण अशी की ऑनलाइन विक्री नगांवर होते. मंचाकडे नोंद असते की या विक्रेत्याने गेल्या काही महिन्यांत अमुक मापाची साठ मोदकपात्रे विकली. त्यांना बिलात तेवढी किंवा त्याहून जास्त पात्रे आत आलेली दिसायला हवी असतात. ‘४२.६०० किलो मिक्स’ या ओळीतून साठ पात्रे कोणाला दिसणार? जी गोष्ट दुकानदाराला आणि मला दोघांनाही स्वच्छ कळते, ती तिसऱ्या, दूर बसलेल्या वाचकाला कळत नाही, आणि ऑनलाइन विक्रेत्याचे बिल हे नेहमी अशा तिसऱ्या वाचकासाठी असते.

या पेढीने त्यावर काढलेला उपाय साधा आहे. बिल किलोतच होते, कारण भाव किलोचा असतो; पण प्रत्येक वस्तूची ओळ स्वतंत्र असते आणि वर्णनात ब्रँड, वस्तू, क्रमांक किंवा माप, पोलादाची प्रत आणि नगसंख्या येते. माझ्यासमोर या क्षणी जे बिल आहे त्यातली एक ओळ मराठीत उतरवून सांगायची तर ती अशी : मोदकपात्र, झाकणासह, ११ मोदकांचे, एसएस ३०४, २४ नग, पुढे एचएसएन (करासाठीचा वस्तू-वर्गीकरण क्रमांक) ७३२३, वजन, किलोचा दर, करपात्र रक्कम. खोक्यावर ब्रँडचा जो मॉडेल क्रमांक छापलेला असतो तोच बिलात येतो, आणि मी मंचावर वस्तूची नोंद करताना तोच क्रमांक वापरते. तीन ठिकाणी एकच क्रमांक असला की प्रश्नच उरत नाही. सुरुवातीला ओळी वाढतात म्हणून बिल करणारा मुलगा कुरकुरत असे. मुनीमजींनी त्याला वस्तूंची यादी टॅलीत एकदाच नीट बसवून दिली, तेव्हापासून तीही कुरकुर थांबली.

एचएसएनच्या बाबतीत पेढीची काटेकोर वृत्ती मला फार आवडते. माझा जुना पुरवठादार सगळे काही ७३२३खाली, म्हणजे लोखंड-पोलादाच्या स्वयंपाकघरातील वस्तूंखाली टाकत असे. इथे पितळी वस्तू तांब्याच्या भांड्यांच्या ७४१८ या शीर्षकात जातात, ॲल्युमिनियमची आप्पेपात्रे ७६१५ मध्ये, आणि हाताने फिरवायच्या पुरणयंत्राला मुनीमजी ८२१० लावतात, कारण अन्न तयार करण्याच्या, दहा किलोपर्यंतच्या, हाताने चालवायच्या यंत्रांचे ते शीर्षक आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्या नावे केलेल्या बिलावर चार अंकी एचएसएन पुरतो, त्यापुढे सहा अंकी लागतो. पेढीच्या छापील बिलावर तो सहा अंकी असतो. वर मी वाचकांच्या सोयीसाठी चारच अंक दिले आहेत.

उलाढाल पाच कोटींच्या वर असल्याने १ ऑगस्ट २०२३ पासून पेढीला ई-इन्व्हॉइसही, म्हणजे सरकारी प्रणालीत नोंदवायचे बिल, लागू झाले. त्यामुळे प्रत्येक बिलावर ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, आणि एक क्यूआर कोड असतो. माझ्यासारख्या लहान विक्रेत्याला याचा जो लाभ होतो त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जुन्या काळी बिल खरे आहे हे पुरवठादाराच्या शब्दावर अवलंबून होते. आता बिलाची नोंद सरकारी प्रणालीत झालेली असते आणि क्यूआर कोड तपासला की पुरवठादाराचा जीएसटीआयएन, माझा जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम समोर येते. माल घेऊन घरी आले की मी पहिल्यांदा तो कोड तपासते, मग खोकी उघडते.

घरी आल्याबरोबर तपासण्यामागे एक कारण आहे. मार्च २०२४ मध्ये एका बिलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन पडला होता आणि मी तो कागद चार दिवस पिशवीतच ठेवला होता. ई-इन्व्हॉइस रद्द करायचे तर ते तयार झाल्यापासून चोवीस तासांच्या आत करावे लागते आणि आहे त्याच बिलात फेरफार करता येत नाही. मुदत उलटल्यामुळे पेढीला क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढून नवे बिल करावे लागले. चूक त्यांची होती, ती त्यांनी पहिल्या फोनवर मान्य केली, परंतु क्रेडिट नोट हातात यायला तीन आठवडे लागले, आणि मार्चअखेरीचे दिवस लक्षात घेतले तरी तो विलंब मला जास्तच वाटला. तेव्हापासून पेढीने एक चांगला पायंडा पाडला आहे : बिल पक्के करण्यापूर्वी त्याची प्रत गिऱ्हाइकाला फोनवर पाठवतात, गिऱ्हाइकाने ‘ठीक’ म्हटल्यावरच ते प्रणालीत चढवतात.

कराचे श्रेय (इनपुट क्रेडिट), म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वळता करण्याची सोय, वेळेवर मिळणे हा घाऊक दुकानाच्या गुणवत्तेचा भाग आहे, हे ठामपणे म्हणायला हवे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखवले असेल तरच खरेदीदाराला इनपुट क्रेडिट घेता येते. मी बिलाबरोबर कराची रक्कम मोजून देते. पुढे त्याने ते बिल दाखवलेच नाही, तर ती रक्कम माझ्या खिशातून गेलेली असते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी माझ्या नावे दाखवलेल्या बिलांची सरकारी यादी, तयार होते आणि मी त्यातली यादी माझ्या फाइलशी पडताळून पाहते. या पेढीची बिले आजवर एकदाही गळलेली नाहीत. आधीच्या पुरवठादाराच्या वेळी दर तिमाहीत दोन-चार बिले हुडकत बसावे लागे.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर बदलले आणि ७३२३मधील भांडी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, त्या आठवड्यातली पेढीची वागणूक नोंदवण्यासारखी आहे. बाजारात त्या दिवसांत बरीच गडबड होती. कोणी बिल थांबवून ठेवत होते, कोणी आज माल न्या आणि बिल नंतर घ्या म्हणत होते. पेढीने १८ तारखेलाच सर्व गिऱ्हाइकांना कळवले की २१पर्यंत जो माल दुकानातून निघेल त्यावर १२ टक्केच लागतील आणि ज्याला थांबायचे असेल त्याने मालासाठीही थांबावे. माझ्याकडे १२ टक्क्यांनी घेतलेला साठा होता आणि तो पुढे ५ टक्क्यांनी विकायचा होता, म्हणून मी घाबरले होते; मुनीमजींनी समजावले की आधी भरलेला कर क्रेडिटच्या खात्यात राहतो आणि पुढच्या विक्रीच्या करात वळता होतो. तसेच झाले. मंचावरच्या वस्तूंचा करदर मात्र ज्याचा त्याने बदलायचा असतो, याची आठवणही त्यांनीच करून दिली.

बिलाने सगळे भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. तक्रार ‘माल नकली आहे’ अशी असेल तर खरेदीचे बिल उपयोगी पडते; पण ‘हा ब्रँड विकायचा अधिकार या विक्रेत्याला नाही’ अशी तक्रार ब्रँडच्या मालकाने केली, तर त्याचे किंवा त्याच्या अधिकृत वितरकाचे पत्र लागते. ही पेढी दोन ब्रँडची वितरक आहे आणि त्या दोन्हींसाठी स्वतःच्या पत्रशीर्षावर, कंपनीच्या वितरकपत्राची प्रत जोडून, पत्र देते. बाकीच्या ब्रँडसाठी ते पत्र देत नाहीत आणि तसे आधीच सांगतात. ज्या ब्रँडसाठी पत्र नाही तो मी ऑनलाइन ठेवत नाही. भाऊबीज आणि हळदीकुंकवाच्या दिवसांत ओळखीपाळखीत विकते.

माझी थांबलेली परवानगी याच पेढीच्या बिलांवर परत मिळाली. नोव्हेंबर ते जानेवारी अशा तीन महिन्यांची पाच बिले, त्यांच्यासोबत वितरकाचे पत्र आणि माझे जीएसटी प्रमाणपत्र, एवढेच कागद मी फेब्रुवारी २०२४ मध्ये पाठवले. आमच्या मंचावर खरेदीचा दर झाकण्याची मुभा आहे, तेव्हा दराचा रकाना मी कागदाच्या पट्टीने झाकून प्रत काढली आणि बाकी एकाही अक्षराला हात लावला नाही. संगणकावर खाडाखोड करून ‘स्वच्छ’ केलेले बिल पाठवणारे विक्रेते मला ठाऊक आहेत. खऱ्या बिलावरही असे केले की ते बनावट ठरते आणि मग दार कायमचे बंद होते, म्हणून तसे कोणीही करू नये. मंचाने पुन्हा पुरवठादाराला फोन केला. या वेळी मुनीमजींनी बिल क्रमांक विचारला, संगणकावर पाहिले आणि तारीख, नगसंख्या आणि माझ्या फर्मचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी परवानगी आली.

आता पेढीविषयी बाकीचे. माल चांगला आहे. गठ्ठ्यात क्वचित एखादे झाकण दबलेले निघते, ते पुढच्या खेपेला विनातक्रार बदलून देतात. भाव बाजारात सर्वांत कमी नाहीत. शेजारच्याच दुकानांत किलोमागे चार-पाच रुपये कमी मिळू शकतात, आणि ज्यांची विक्री केवळ दुकानातून रोखीने होते त्यांना तो फरक महत्त्वाचा वाटेल. मला तो वाटत नाही. एका हंगामाची विक्री बुडाली तेव्हा जे गेले, त्यापुढे ते चार-पाच रुपये काहीच नाहीत. कमीत कमी दहा हजारांची खरेदी करावी लागते, ही अट मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्या बायकांना जड जाते. आमच्या भागातल्या दोघींनी मिळून एका बिलावर माल घ्यायचा विचार केला होता, तेव्हा पेढीने नकार दिला आणि बरोबर केले, कारण एका नावच्या बिलावर दुसरीला काहीच सिद्ध करता आले नसते. तरी अशा गिऱ्हाइकांसाठी पहिल्या दोन-तीन खरेद्यांपुरती अट सैल केली, तर पेढीचे नुकसान होणार नाही असे मला वाटते, आणि मालकांना मी ते सांगितलेही आहे.

दुसरी उणीव अशी की पेढीचे संकेतस्थळ नाही आणि बिलावरचा ई-मेल पत्ता कोणालाही फुकट मिळतो तसा साधा आहे. मंचाच्या अर्जात पुरवठादाराच्या संकेतस्थळासाठी रकाना असतो, तो मला दर वेळी रिकामा ठेवावा लागतो. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पेढीने आपल्या नावाचे एक पान आणि एक ई-मेल पत्ता करून घ्यायला हरकत नसावी. पोचवण्याची सोयही नाही. लोडिंग रिक्षा आपली आपण ठरवायची, आणि राजवाड्याच्या गर्दीतून दुपारनंतर ती बाहेर काढणे हे वेगळेच काम आहे. सकाळी अकराच्या सुमारास जावे, माल बाराच्या आत निघतो. उधारी नाही. जुन्या बिलाची प्रत मात्र केव्हाही मागावी, मिळते. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने कागद सांभाळण्याचा जो नियम आहे तो ही पेढी मनापासून पाळते आणि माझे २०२३ चे पहिले बिल मला दोन मिनिटांत पुन्हा छापून मिळाले होते.

याच बाजारात मी आणखी एका दुकानातून थोडा माल घेऊन पाहिला. तिथले गृहस्थ सज्जन, माल उत्तम, परंतु ते लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन या करयोजनेत आहेत, म्हणजे कर वेगळा दाखवू शकत नाहीत आणि कर-बिलाऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ देतात. त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यांचा यात काहीच दोष नाही. माझी विक्री परराज्यात होते, त्यामुळे मला नियमित नोंदणीशिवाय गत्यंतर नाही आणि त्यांचे-माझे गणित जुळत नाही एवढेच.

ज्यांना ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा ठिकाणी भांडी विकायची आहेत आणि जे इंदुरात राहतात, त्यांनी या पेढीवर जरूर जावे. सोबत जीएसटी प्रमाणपत्राची प्रत, पॅन आणि विक्रीमंचाच्या खात्यावर नाव व पत्ता जसा दिसतो त्या पानाची छापील प्रत न्यावी, म्हणजे मुनीमजी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घेतील. मोदकपात्रे हवी असतील तर आषाढातच मागणी नोंदवावी. श्रावण लागला की ११ मोदकांचे माप संपते, आणि मग २१ मोदकांचेच घ्यावे लागते, जे पुण्याच्या लहान स्वयंपाकघरांत कोणी घेत नाही.